कुंदाचा स्कोअर

मनीषाचा फोन आला तेव्हा मी अंगणात धान वाळत घालत होते. "आत्या, बाबा गेले," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठं होता?" "कॉम्प्युटरसमोर." दुसरीकडे कुठं असणार म्हणा! दरेकशाहून गोंदिया, गोंदियाहून तिरोडा, अशी गाडी बदलत मी पोचले तोवर शेजाऱ्यांनी त्याला खाटेवर निजवलं होतं. मशीन बंद करायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं. पडद्यावर विमानं आपोआप उडत होती, फुटत होती, पुन्हा उडत होती. आवाज नव्हता.

देवानंद, आमचा देवा, माझा पाठचा भाऊ. मला बाई म्हणायचा. मी चौथी शिकले, तो बारावी नापास. १९९९ साली त्याने तिरोड्याच्या बाजाररस्त्याला व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. कपाटाएवढ्या चार मशिनी. टोकन टाकायचं, खेळायचं. टोकन द्यायला त्याची बायको कुंदा बसायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती विमानाच्या मशीनवर खेळायची, आणि अशी खेळायची की कॉलेजची पोरं मागे उभी राहून बघत. "भाभी, हमको भी चान्स दो," म्हणायची. ती म्हणे, "पहले मेरा स्कोर तो तोडो!" कोणी तोडला नाही. वरच्या स्कोअरवाल्याला तिथं तीनच इंग्रजी अक्षरं लिहिता यायची. ती के, यू, एन लिहायची. मला इंग्रजी येत नाही, पण ही तीन अक्षरं मी कुठंही ओळखते.

कुंदा काविळीने गेली. आठ दिवसांत. मनीषा तेव्हा शाळेत होती. देवाने दुकान बंद केलं, मशिनी भंगारात घातल्या. पण त्याआधी नागपूरहून एक माणूस बोलावला आणि विमानाच्या मशीनमधल्या चिपवरचं सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं. तोच खेळ, तीच स्कोअरची यादी, सगळ्यात वर कुंदा. मी म्हटलं, बरं झालं, फोटोसारखं राहील.

तिथून त्याला नाद लागला. जगातले जुने खेळ गोळा करायचे. हजारो फाइली झाल्या. त्या नीट लावायला त्याच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. मला त्याने रेशनच्या यादीवरून समजावलं... यादीत नाव आहे आणि माणूस हजर आहे, तर हिरवी खूण. माणूस आहे पण काही जुळत नाही, तर पिवळी. माणूसच नाही, तर लाल. दर काही महिन्यांनी खेळांची नवी यादी यायची आणि कालचं हिरवं आज पिवळं व्हायचं. मग हा बसायचा शोधत, कुठं नाव बदललं, कुठं एका फाइलीच्या दोन झाल्या.

"काऊन रे, काल तर हिरवं होतं?" मी विचारायची.

"यादी बदलली बाई. फाइल तीच आहे, यादीले पटून नाई रायली."

एकेक करून तो सगळं हिरवं करायचा. फक्त कुंदाच्या खेळापुढची खूण कायम पिवळी. कारण तिच्या स्कोअरची फाइल जगातल्या कुठल्याच यादीत नव्हती. सॉफ्टवेअर दर वेळी विचारायचं, अनोळखी फाइल आहे, काढू का? तो दर वेळी नाही म्हणायचा.

पुढे मनीषा लग्न होऊन नागपूरला गेली आणि देवाला लकवा मारला. उजवा हात गेला. राहायला ये म्हटलं तर आला नाही. डाव्या हाताने भात करायचा, डाव्या हाताने जेवायचा.

आमच्यात एप्रिलातल्या जयंतीआधी घर रंगवतात, अडगळ काढतात. हा कॉम्प्युटरचीही अडगळ काढायचा. एका वर्षी सॉफ्टवेअरने विचारलं आणि याने चुकून सगळ्यालाच हो म्हणून टाकलं. खेळ उघडला तर कुंदाच्या जागी कंपनीने घातलेली कोणाची तरी नावं. मला फोन केला. "बाई, कुंदा गेली."

"तिले जाऊन सात वर्षं झाली, देवा."

"आता गेली."

मी गेले. ते सॉफ्टवेअर फाइल फेकत नाही, नाव बदलून वेगळ्या जागी टाकतं, असं तो म्हणाला. तिथं असल्या हजारो पडल्या होत्या. प्रत्येक फाइलीला आकडे-अक्षरांची एक लांब खूण असते. कुंदाच्या फाइलीची खूण नागपूरच्या माणसाने वहीत लिहून दिली होती. देवा पडद्यावर एकेक अक्षर दाखवायचा, मी वहीवर बोट ठेवून जुळवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सापडली. पण शेजारी आणखी एक निघाली. तसलीच, खूण मात्र वेगळी. देवा म्हणाला, वहीतली ती मूळ फाइल. दुसरी खेळात चालू असलेली. कोणी खेळून स्कोअर केला, तरच ती बदलते.

दोन्ही उघडल्या. पहिलीत कुंदाचा स्कोअर. दुसरीतही तिचीच तीन अक्षरं, पण स्कोअर मोठा. बराच मोठा.

"कोण खेळलं?"

"कोणी नाई."

"मंग तू."

त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि वस्तू ठेवावी तसा टेबलावर ठेवला. "ह्या हातानं?"

तेवढ्यात लाइट गेली. "एवढं वीजघर गावाच्या उशाशी अन् लाइट नाई," मी म्हटलं, काहीतरी बोलायचं म्हणून. तो काळ्या पडद्याकडे बघत म्हणाला, "ती दुपारीच खेळे, बाई."

मी त्याला झापलं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाची लेकरं आपण, असलं बोलायचं नाही. त्याने विचारलं, "कोणती ठेवू?" मी म्हटलं, "जुनी. जे आपण डोळ्यानं पायलं तेच." त्याने जुनी ठेवली. दर रविवारी फोन करून सांगायचा, "तेवढाच आहे." मग एका रविवारी म्हणाला, "बाई, वाढला." पुढे वाढतच गेला. दर वेळी आकडा सांगायचा. मी हं म्हणायची आणि ज्वारी-तांदळाचं बोलायला लागायची.

त्याला शेवटची आंघोळ घालताना डावा हात मी धरला होता. अंगठा आणि दोन बोटं घट्ट्यांनी दगडासारखी झाली होती. भात करून असे घट्टे पडत नाहीत. माझ्या तोंडून निघालं, "खोटारडा." मनीषाने दचकून पाहिलं. डाव्या हाताने तो किती वर्षं शिकला असेल... आणि एकदाही स्वतःचं नाव लिहिलं नाही.

सगळं आटोपल्यावर मनीषा मशीन बंद करायला बसली. वर कुंदाचं नाव होतं. रविवारी त्याने मला सांगितलेल्या आकड्यापेक्षा आकडा मोठा होता. तो बुधवारी गेला. मधल्या दिवसांत खेळला असेल. खेळलाच असेल.

"आत्या, हे मशीन 'अनोळखी फाइल आहे' म्हणून रायलं. काढू?"

"हात नको लावू."

मशीन आता दरेकशाला माझ्या घरी आहे. मनीषाने जोडून दिलं, कोणतं बटन दाबायचं ते दाखवलं. ते दाबून कुंदाचा आकडा पाहायला मला पाच मिनिटं लागतील. तीन रविवार झाले, मी दाबलेलं नाही. आकडा वाढलेला दिसला तर मी भिणार नाही. तेवढाच दिसेल, याची भीती वाटते.