तीन ओळी आणि एक त्रुटी

अमरावती-अकोला अपडाऊन करणाऱ्या माणसाला दोनच छंद परवडतात, झोप आणि पत्ते. मी तिसरा लावून घेतला आणि त्याचा शीण अजून उतरलेला नाही.

अकोल्याच्या मुलींच्या एका कॉलेजात मी संगणक प्रयोगशाळेचा सहायक. तिथले वीस संगणक जुने. त्यांच्यावर मी एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती. ती कुणीही फुकट वापरावी, जमलं तर दुरुस्तही करावी. बाकी सगळं ठीक, पण अर्ध्या तासाने नेटवर्क तुटायचं आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय जोडलं जायचं नाही. प्राचार्यांनी बजावलं, सत्र संपेपर्यंत हे थांबलं नाही तर सगळे भंगारात. शिवाय घरगुती जुगाड नको, सिस्टिमच्या नव्या आवृत्तीतच दुरुस्ती आली पाहिजे. नवे संगणक कधी येतील, हे कुणीच सांगत नव्हतं. खेड्यांतून येणाऱ्या आमच्या पोरींना तर संगणक फक्त इथेच मिळायचा.

मग रोज गाडीत बसून त्या सिस्टिमच्या कोडमधला नेटवर्कचा भाग वाचायला लागलो. मूर्तिजापूर येईपर्यंत डोळे मिटायला लागत. चार महिन्यांनी चूक सापडली. दुरुस्ती अवघ्या तीन ओळींची. एका मशीनवर घालून पाहिली, नेटवर्क टिकलं.

तिथली रीत अशी की दुरुस्ती ईमेलने सगळ्यांसमोर पाठवायची आणि तो भाग सांभाळणारा माणूस ती तपासतो. मी सवयीने वर विषय, महोदय, सविनय विनंती असं सगळं इंग्रजीत लिहिलं आणि खाली त्या तीन ओळी. दोन दिवसांत उत्तर आलं. तीन प्रश्न. हे असंच का केलं? दुसऱ्या मार्गाने का नाही? अशाच आणखी एका मशीनवर तपासलं का? शाबासकी नाही, नकारही नाही.

मी ते आमच्या हेडक्लार्कना, म्हणजे बडे बाबूंना दाखवलं. सारा जन्म फायलींत गेलेला माणूस.

"गेलं हे, भाऊ," ते म्हणाले. "त्रुटी काढली म्हणजे नाहीच म्हणते तो, सरळ तोंडानं म्हणत नाही एवढंच. आता गप राहा. लगेच उत्तर देसान तं उद्धट दिसते."

मी उत्तर पाठवलं नाही. खरं सांगायचं तर राग आला होता आणि अंगात त्राणही उरलं नव्हतं. न लिहायला कारण मिळालं, ते बरंच वाटलं.

सत्र संपलं. संगणक एका टेम्पोत भरून गेले. प्रयोगशाळेला कुलूप लागलं.

दोन महिन्यांनी गाडीत त्याच माणसाचं ईमेल वाचलं. दुरुस्ती बरोबर वाटते, पण काम तुमचं, म्हणून परस्पर घेतली नाही. उत्तराची वाट पाहतोय. तेवढं आणखी एका मशीनवर तपासून कळवा. म्हणजे ज्याचं काम घ्यायचं असतं, त्यालाच तिथे प्रश्न विचारतात. नवख्यांसाठीच्या सूचनांत हे लिहिलेलं होतं. ते पान मी झोपेत उलटलं होतं. त्याने विचारलं तेव्हा माझ्यासमोर वीस मशीन होती. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बडे बाबूंना विचारलं, एखादं तरी उरलंय का?

"एक हाय, रेकॉर्ड रूममंदी. त्याचा नंबर रजिस्टरशी जुळला नाही. त्रुटी निघाली, म्हणून राहून गेलं."

धूळ पुसून ते लावलं. त्या तीन ओळी घालून दिवसभर चालवलं, नेटवर्क तुटलं नाही. सविनय वगैरे काही न लिहिता तिन्ही प्रश्नांची उत्तरं पाठवली. आठवड्याभरात दुरुस्ती स्वीकारली गेली. नव्या आवृत्तीत त्या तीन ओळी आहेत आणि त्यांच्या नोंदीत माझं नाव. बडे बाबूंना दाखवलं.

"मंग हे पयलेच काहून नाही कळवलं तुमी?" ते म्हणाले.

गप राहा असं तेच म्हणाले होते. त्यांनी त्यांना माहीत होतं ते सांगितलं होतं. ऐकलं मी, कारण ते सोयीचं होतं.

आता प्राचार्यांनी प्रयोगशाळा पुन्हा उघडू दिली आहे. वीस टेबलं, त्यांतल्या एकावर ते मशीन. पोरी पाळीपाळीने बसतात, बाकीच्या भिंतीला टेकून उभ्या राहतात. नेटवर्क एकदाही तुटत नाही.