मास्तरांचं डाळिंब

मास्तरांची शिवण जितकी सरळ, तितकाच स्वभाव वाकडा. चाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले, आणि दुसऱ्यानं घातलेली टीप उसवून बघितल्याशिवाय एकही कोट गिऱ्हाइकाच्या हाती दिला नाही. पोटचा मुलगा बारा वर्षं शेजारच्या मशीनवर बसला, तरी त्याचीही टीप उसवायची म्हणजे उसवायचीच, तीही गिऱ्हाइकांदेखत! शेवटी एक दिवस पोरगा कात्री टेबलावर ठेवून उठला आणि दुसऱ्या शहरात निघून गेला. त्याला नऊ वर्षं झाली. आईला फोन करायचा, पण बापाचं नाव काढायचा नाही.

मागे उरलं ते डाळिंबाचं झाड. मुलगा आठ वर्षांचा असताना दोघांनी चहाच्या कपात एक काडी खोचली होती. ती जगली. पुढे ती उथळ कुंडीत गेली, फांद्यांना तांब्याची तार गुंडाळून दोघांनी तिला वळण लावलं. झाड वाढलं दीड वीत, पण खोड कसं मनगटाएवढं, पीळदार! दुकानात एकमेकांवर डाफरणारे हे बापलेक गॅलरीत त्या कुंडीपुढे मात्र तासन्‌तास गुण्यागोविंदानं बसायचे.

आणि आता मुलानं आईला फोनवर सांगितलं, "पुढच्या महिन्यात येतोय. मला बाकी काही नको. बाबा देत असतील तर ते झाड नेईन."

मास्तरांना काय करू नि काय नको असं झालं. पोरगं नऊ वर्षांनी येणार आणि मागतंय काय, तर दोघांनी मिळून वाढवलेलं झाड! मग ते कसं ठाकठीक हवं. थंडी सुरू झाली होती, मुळांना हात लावायची ती वेळच नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी नवी कुंडी आणली, झाड उपसलं, मुळं छाटली, माती बदलली. आठवड्याभरात पानं पिवळी पडली. आणखी आठवड्यानं एकही राहिलं नाही.

झाडात जीव आहे की नाही हे बघायची रीत साधी आहे. नखानं साल जराशी खरवडायची, खाली हिरवं दिसलं की झालं. मास्तरांनी खरवडलं. हिरवं होतं! जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले? दुसऱ्या दिवशी मनात आलं, काल होतं, आज असेल कशावरून? पुन्हा नख लावलं. त्याच जागी नको, झाडाला त्रास होईल, म्हणून जरा बाजूला. तिसऱ्या दिवशी आणखी बाजूला.

"अहो, सुखानं राहू द्या की त्याला!" बायको करवादली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मुलगा आला तो बॅग खांद्यावर घेऊनच गॅलरीत गेला. मास्तर मागे हात चोळत उभे. "पानं गेली रे, पण आत हिरवं आहे. सकाळीच बघितलं मी."

मुलगा उकिडवा बसला आणि कुंडी हळूहळू फिरवत गेला. खोडाभोवती बोटभर रुंदीच्या पट्ट्यात साल कुठेच उरली नव्हती.

"थंडीमुळे झोपलं होतं, बाबा. मुळं छाटूनही वाचलं होतं. उन्हं वाढली की फुटलं असतं." त्यानं उघड्या खोडावरून बोट फिरवलं. "रोज बघत होतात?"

"रोज. राहवेना रे."

सगळीकडून साल गेली की वरचं झाड संपलं. पोराला हे लहानपणी मास्तरांनीच शिकवलं होतं. ते भिंतीला टेकून खाली बसले. "बुडातून फुटवा येईल ना?"

"येईल. असं खोड व्हायला तीस वर्षं लागतील."

मास्तरांना बहात्तरावं चालू होतं. मुलगा त्यांच्यावर चिडला नाही. चिडला असता तर फार बरं झालं असतं. त्यानं आईजवळ बसून चहा घेतला, तिच्या गुडघ्याची चौकशी केली आणि संध्याकाळच्या आतच बॅग उचलली.

दारापर्यंत मास्तर गेले. "फुटवा आला की कळवू तुला?"

"नका कळवू, बाबा. तुम्ही तोही उकरून बघाल."

'नाही रे बघणार,' असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं. पण ते स्वतःला पुरते ओळखून होते, आणि पोरगा तोवर जिना उतरून गेला.