पाकल्याचा कोपरा

गोवा घटक राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, आणि आमच्या डिचोली तालुक्यातल्या छोट्याशा शहराला एकदम आपल्या इतिहासाचा पुळका आला. तोवर तो इतिहास आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या भिंतीवर मुकाट बसून होता. कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नव्हतं. एक माझे वडील सोडून.

त्या भिंतीवर कावीची चित्रं होती, माझ्या आजोबांच्या हातची. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा हात द्यायचा आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने खरवडायचा, म्हणजे खालचा पांढरा उघडा पडतो आणि चित्र उमटतं. भिंतभर शिकारीचा देखावा होता. हत्ती, घोडे, पळणारं रानडुक्कर. आणि सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात, टोपीवाला एक पाकलो, म्हणजे पोर्तुगीज शिपाई. बंदूक बाजूला टाकून, बूट हातात घेऊन तो तळपायातला काटा काढत बसलेला. पोर्तुगीज अमलात, देवळाच्या भिंतीवर, आजोबांनी ही आगळीक केली होती. संध्याकाळी दिवा लावायला गेले की बाबा देवळात आलेल्या पाहुण्याला आधी त्या कोपऱ्यात नेत. दर्शन मागाहून.

पण ट्रकांनी त्या भिंतीची दशा केली होती. खाणीचे ट्रक देवळासमोरून दिवसभर जायचे आणि लाल धूळ उडवायचे. चित्राचा तांबडा कुठला आणि खाणीचा तांबडा कुठला, ते कळेनासं झालं होतं. म्हणून शहराची गौरव समिती स्थापन झाली तेव्हा बाबांना फार आनंद झाला. धूळ ओल्या फडक्याने हलक्या हाताने टिपायची आणि भिंतीपुढे काच लावायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी मराठी शाळेत मास्तर, म्हणून मलाही समितीत घेतलं होतं. त्यांचं मागणं मी दर बैठकीत मांडत होतो.

पहिल्याच बैठकीत एक ठराव एकमताने झाला: समारंभाआधी देवळाचा परिसर स्वच्छ आणि सुशोभित करणे. आमच्याकडे उत्सव आला की देवळाला रंग द्यायचाच. न दिला तर देवाची हेळसांड केली असं लोक म्हणतात. एकमताने झालेला तो आमचा पहिला आणि शेवटचा ठराव.

त्यानंतर विषय निघाला फलकाचा. ‘ही प्राचीन कावी चित्रकला आमच्या शहराचा ठेवा आहे’ असा फलक लावायचं ठरलं, आणि तो मराठीत की कोकणीत यावर जे जुंपलं ते महिनोन् महिने चाललं. मजा अशी की मराठीवाले मराठीची बाजू कोकणीतूनच मांडत होते. घरी सगळ्यांची भाषा तीच. देवळाची आरती मराठीत, म्हणून फलक मराठीत, असं एक टोक. राज्य कोकणीचं, म्हणून फलक कोकणीत, असं दुसरं. एकदा तर देवाचा कौल घेऊ या असंही निघालं, पण पुजाऱ्यानेच हात जोडले. मी भिंतीचं काढलं की अध्यक्ष म्हणायचे, “मास्तर, ती वणट खंय धांवन वता?” भिंत कुठे पळून जाते, म्हणजे. माझं डोकं फिरायचं.

बाबा एकदाच बैठकीला आले. म्हणाले, “बरोवचें तें बरयात, पूण पयलीं वणटीकडेन पळयात.” काय लिहायचं ते लिहा, पण आधी भिंतीकडे बघा. सगळ्यांनी आदराने माना डोलावल्या आणि पुन्हा भांडायला लागले.

शेवटी दोन्ही भाषांत अर्धा-अर्धा फलक ठरला. अक्षरं सारख्या उंचीची हवीत. पण रंगाऱ्याकडे एकट्याला पाठवायला कोणी तयार होईना, त्यांचा एकमेकांवर विश्वास कुठे होता? म्हणून समारंभाआधीच्या शुक्रवारी अख्खी समिती बसने म्हापशाला गेली. बाजाराच्या गर्दीत उभे राहून आम्ही रंगाऱ्याच्या प्रत्येक अक्षरावर पाळत ठेवली.

संध्याकाळी परत आलो तर देऊळ दुधासारखं पांढरं. बेळगावकडच्या कामगारांचा मुकादम मला पाहून हसत पुढे आला. “बगा मास्तर, कसं लख्ख केलंय. ते तांबडं काय सुटंना झालतं. तारेच्या ब्रशनं घासलं, तवा गेलं.”

 परिसर स्वच्छ करा असं त्याला सांगितलं होतं. भिंतीवर काही आहे, हे त्याला आमच्यातल्या कोणीही सांगितलं नव्हतं. बाबा दिवा लावायला आले होते, ते तिथल्या सोप्यावर, दगडी बैठकीवर, बसून होते. मग उठले, कोपऱ्याशी वाकले आणि भिंतीवरून तळहात फिरवला. चुन्याखाली निदान रेषा तरी हाताला लागतील, असं त्यांना वाटलं असावं. बराच वेळ चाचपत राहिले.

“कांयच लागना,” म्हणाले.

मला रडूही आलं आणि सगळ्या समितीच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. रात्री अध्यक्षांच्या घरी जाऊन मी वाट्टेल ते बोललो. ते खजील झाले, हे खरं. पण पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती.

रविवारी त्या पांढऱ्या भिंतीवर फलक चढला. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. शेवटी अध्यक्ष नारळ आणि शाल घेऊन बाबांपाशी आले आणि फलक कसा वाटला ते विचारलं.

“बरो जाला,” बाबा म्हणाले. “आतां हांगा किदें आशिल्लें तेंय बरयात.” इथे काय होतं, तेही आता लिहा.

अध्यक्षांचे डोळे भरून आले. “बरोवया काका, बरोवया,” म्हणत त्यांनी बाबांचे हात धरले. मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, हळूच विचारलं, “पूण मास्तर, मराठींत काय कोंकणींत?”