गुरुवारचं न्हाणं

मला मुळात धीर नाही. चहाला नीट उकळी यायच्या आत मी तो गाळते, रिक्षा थांबायच्या आत एक पाय बाहेर काढते, आणि केस धुवायला बसले की सासूबाई बाहेरून विचारतात, "केस धुतीस का कढई घासतीस?" कमरेखाली येणारे केस असे घासून चालत नाहीत, हे मला कळत होतं. पण कळून काय करणार?

आम्ही मोशीला राहतो. मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाईनवर आहे. कंपनीची बस पावणेसहाला नाक्यावर येते. नळाला पाणी दिवसाआड, तेही पहाटे. संध्याकाळी घरी यावं तर उरलेलं असतं बोअरचं पाणी. त्यात शॅम्पूला फेस येत नाही आणि केस काथ्यासारखे होतात. म्हणून नळ आला की पहाटेच डोक्यावर दोन बादल्या ओतायच्या, टॉवेलने खसाखसा पुसायचं, ओल्या केसांचाच घट्ट अंबाडा घालायचा आणि कंपनीत गेलं की वर कॅप चढवायची. एक बट जरी बाहेर दिसली तरी लाईनवर उभं करत नाहीत. आठ तास केस त्या कॅपमध्ये शिजायचे. सुटल्यावर कॅप काढली की आंबलेल्या पिठासारखा वास यायचा. बसमध्ये शेजारी कुणी बसलं की मी डोकं खिडकीकडे धरायचे. फार लाज वाटायची.

मोरीच्या जाळीवर दर वेळी लिंबाएवढा गुंता निघू लागला. भांगाच्या मागे टाळू दिसायला लागली तेव्हा मी घाबरले आणि पिंपळे सौदागरच्या एका पार्लरमध्ये गेले. तिथल्या मुलीने माझा शेपटा हातात तोलून पाहिला. "मॅडम, खांद्यापर्यंत कट करून टाका, टेन्शनच नाही," ती म्हणाली. मी उठून आले. कंपनीत बांगड्या काढून लॉकरमध्ये ठेवायच्या, मंगळसूत्र काढायचं, सगळ्यांच्या अंगात एकसारखा शर्ट. माझं म्हणून माझ्याबरोबर लाईनवर जातात ते एवढे केसच. ते मला गमवायचे नव्हते.

मग फोनवर व्हिडिओ पाहिले. एक बाई अगदी सावकाश समजावत होती. आधी कोरड्या केसांतला गुंता मोठ्या दातांच्या फणीने खालून वर सोडवायचा. शॅम्पू मगभर पाण्यात पातळ करायचा आणि बोटांच्या पेरांनी फक्त टाळूला चोळायचा. केस डोक्यावर गोळा करायचे नाहीत, लांब सोडून द्यायचे. फेस आपोआप उतरतो. मग जुन्या सुती कापडात गुंडाळायचे आणि पुरते वाळेपर्यंत बांधायचे नाहीत. मी तो व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहिला, तरी कळायचं ते कळलंच. याला अख्खी सकाळ हवी. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. म्हणजे माझ्याकडे सकाळ होती ती गुरुवारचीच.

आणि सासूबाईंच्या घरात बाईने गुरुवारी केस धुवायचे नाहीत.

मी लातूरकडची. माहेरी आम्ही सोमवार पाळायचो, गुरुवारचं कुणाला काही नव्हतं. सुट्टीच्या सकाळी मी बादली भरली तशा सासूबाई मोरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आज बेस्तरवार हाय. डोक्यावरनं घिऊ नगंस."

"आई, गुरुवारी केस धुवून कुणाचं वाईट झालं? एक माणूस दाखवा मला."

त्यांनी ओट्यावर चहा पीत बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. बाकीची दोन भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, दाबाच्या मशीनखाली पत्र्याबरोबर गेली, हे मला लग्न ठरलं तेव्हापासून माहीत होतं.

"सुट्टीच्या दिशी ओव्हरटाइमला बोलावलं व्हतं," सासूबाई म्हणाल्या. "हिकडं मी केस धूत व्हते. केसाचं पानी निथळायच्या आत मानूस सांगाया आला."

माझा नवराही प्रेसवरच काम करतो. मी बादली तशीच ठेवून बाहेर आले.

त्यानंतर मी मनातल्या मनात सासूबाईंशी रोज भांडत होते. मशीनला हात अडवणारा गार्ड नव्हता, माणूस थकलेला होता, त्यात केसांचा काय संबंध? बसमध्ये भांडायचे, लाईनवर क्लिपा दाबताना भांडायचे, आणि घरी आले की मुकाट्याने भाजी चिरायचे. ओला अंबाडा चालूच होता. टाळूवर पुटकुळ्या आल्या. शेवटी एका गुरुवारी मी पायात चपला घातल्या.

"पार्लरला जाते. कापूनच टाकते."

"बेस्तरवारी केस कापत्यात व्हय?"

"मग कधी कापू? मला दुसरा दिवस आहे का?" माझा आवाज चढला आणि त्याच दमात रडूही आलं. मला स्वतःचाच राग आला.

सासूबाईंनी माझा शेपटा हातात घेतला. विरळ झालेलं टोक बोटांत फिरवून पाहिलं. मग आत झोपलेल्या लेकाला हाक मारली.

"ऊठ. हितं मोरीम्होरं पाटावर बस. मी सांगंपातूर हलायचं न्हाई."

नवरा डोळे चोळत येऊन बसला.

"हात गुडघ्यावर ठिव. मला दिसाया पायजेत."

त्यांनी पदर खोचला आणि मला मोरीत बसवलं. "मी धुते. तू घाईच करशील." व्हिडिओतली बाई त्यांनी पाहिली नव्हती, पण हात तसाच सावकाश चालत होता. माझी मान अवघडली, पायाला मुंग्या आल्या. दर दोन मिनिटांनी मी "झालं का?" विचारत होते आणि त्या "न्हाई" म्हणत होत्या. नवऱ्याचा फोन वाजला, तो उठू लागला, तसा त्यालाही दम मिळाला. दर तांब्यानंतर त्या जरा थांबत. मला वाटलं, फेस गेला का ते बघत असतील. समोर आलेले ओले केस बाजूला करून पाहिलं तर त्यांची नजर लेकाच्या हातांवर होती आणि ओठ हलत होते. मग मीही मोजली. दहा होती.

आता गुरुवारचं असंच ठरून गेलंय. नळ येणार नसेल तर आदल्या दिवशी पिंप भरून ठेवते. केस गच्चीवर उन्हात वाळतात, शुक्रवारी कोरडा अंबाडा कॅपमध्ये जातो. भांगामागे बारीक नवे केस आलेत. मला अजून तासभर एका जागी बसवत नाही, तो भाग वेगळा.

मध्ये एका गुरुवारी नवऱ्याला ओव्हरटाइमला बोलावलं. त्याच्या प्रेसला गार्ड आहे, सेन्सर आहे, मी त्याला खोदून खोदून विचारून घेतलंय. पिंप भरलेलं होतं, गच्चीवर ऊन होतं, सासूबाईंनी अडवलंही नाही. मी फणी घेतली, सगळा गुंता सोडवला आणि न धुताच वेणी घातली. मग दिवसभर ओटा ते फाटक येरझाऱ्या घालत राहिले. संध्याकाळी त्याची गाडी वाजली तेव्हा पाणी घेऊन दारातच गेले, आणि पेला घेताना त्याचा हात पाहून घेतला.