एक डंबेल हलकं

मंडळी, जिमची फी परवडेना, म्हणून आज वारज्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत घरचीच जिम मांडायला घेतली. मी कॉलेजात असताना बाबांनी रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून दोन डंबेल्स केली होती. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. डंबेल्स माळ्यावरून काढली.

"लाल पट्ट्याचं डाव्या हातात धर," एवढंच बाबा म्हणायचे. ते दुसऱ्यापेक्षा चांगलं दीड किलोने हलकं.

"बाबांचं माप, चुकलेलंच!" मी नेहमीसारखा हसलो.

आई म्हणाली, "अरे, दहावीत तुझा डावा हात मोडला होता ना? म्हणून मुद्दाम हलकं केलं त्यांनी. तुला सांगू नको म्हणाले, वाईट वाटेल."

घरी कुणी आलं की मी दोन्ही डंबेल्स त्यांच्या हातात देऊन ही चूक दाखवायचो. बाबांच्या देखत. सगळे हसायचे.

बाबाही हसायचे.