नोनीची बाटली आणि साडेसहा पोटॅशियम

इंदूअक्कांना नोनीचा ज्यूस मी विकला. डॉक्टरांनी तो लिहून दिला नव्हता, अक्कांनी मागितलाही नव्हता. त्या बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या आणि काउंटरला धरून गुडघा चोळत होत्या. मी फळीवरून बाटली काढली आणि म्हणालो, "रोज सकाळी उपाशीपोटी एक झाकण. बघा तर घेऊन."

पाच आठवड्यांनी, शनिवारी सकाळी दहाला, लॅबमधून लताचा फोन आला.

मैसूरच्या मंडी मोहल्ल्यात माझं मेडिकल आहे. म्हातारी गिऱ्हाइकं लॅबला बिनदिक्कत माझा नंबर देतात. त्यांच्याकडे बटणाचे फोन, मग रिपोर्ट माझ्या व्हॉट्सॲपवर येतात आणि मी प्रिंट काढून ठेवतो. पण लता कधी फोन करत नाही.

"सर, इंदिरा मॅडमचं पोटॅशियम सिक्स पॉइंट फाइव्ह आहे."

"सॅम्पल हिमोलाइझ झालं असेल," मी म्हणालो. रक्त काढताना पेशी फुटल्या तर आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि आकडा खोटाच वर जातो. याला हिमोलिसिस म्हणतात. नको असलेला रिपोर्ट आला की आम्ही सगळे आधी याच शब्दाला लटकतो.

"नाही सर. सीरम क्लिअर आहे. दोनदा रन केलं. त्यांचा फोन लागत नाही, म्हणून तुम्हाला केला."

साडेतीन ते पाच नॉर्मल. त्याच्या फार वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि आधी सूचना मिळेलच असं नाही.

मी अक्कांचं जुनं प्रिस्क्रिप्शन काढलं. बीपीची गोळी अशी, की ती शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. किडनी वयानुसार थोडी मंद. पण हे चार वर्षांपासून तसंच होतं आणि रिपोर्ट नेहमी ठीक यायचे. मग नवीन काय? मान वर केली तर समोर फळीवर तीन बाटल्या, आणि खाली माझ्याच अक्षरातला कन्नड बोर्ड: 'सांधेदुखीसाठी, परदेशी फळाचा रस.'

फळांच्या रसात पोटॅशियम असतं. हे डी.फार्मच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी त्या वर्षाला पास झालेलो आहे.

अक्कांचा फोन स्विच ऑफ. शेजारीण म्हणाली, त्या कालच टी. नरसीपूरला बहिणीकडे गेल्या. पत्ता? "देवळाजवळ कुठेतरी, अष्टे गोत्तु." म्हणजे तेवढंच ठाऊक.

मी अक्कांच्या डॉक्टरांना, डॉ. शैलजांना फोन लावला. रिंग जात असताना मनात एक विचार आला, तो लिहायला लाज वाटते. गोळीचं नाव घेतलं तर पुरे होतं. गोळीनंही पोटॅशियम वाढतं. बाटलीबद्दल कोणी विचारणारही नव्हतं.

"नवीन काही चालू केलंय का त्यांनी?" डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न हा विचारला.

"ज्यूस. नोनीचा. गुडघ्यांसाठी."

"कोणी दिला?"

"मी."

डॉक्टर म्हणाल्या, "ज्यूस बंद, बीपीची गोळीही बंद. ताबडतोब तालुका हॉस्पिटलला ईसीजी. त्यांना चालवू नका. आणि लेबलचा फोटो पाठवा."

फोटो काढताना मी ते लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. औषधाचा लायसन्स नंबर नव्हता, खाद्यपदार्थाचा होता. म्हणजे गुडघा बरा होतो हे कुणी कुठे सिद्ध केलेलं नव्हतं. पोटॅशियमचा उल्लेखच नव्हता. डिस्ट्रिब्यूटरच्या माणसानं दूरच्या बेटांची गोष्ट सांगितली होती आणि मी एक घोट चाखला होता. चव आंबलेल्या चीजची, वास ओल्या मोज्याचा. इतकं वाईट लागतं म्हणजे औषधी असणार, असा माझा शास्त्रीय निष्कर्ष.

जिल्ह्यातल्या केमिस्टांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे मी लिहिलं, नरसीपूरला कोणी आहे का, अर्जंट. लगेच उलट प्रश्न आला, कुठल्या औषधाची रिॲक्शन? 'औषध नाही, नोनी ज्यूस, माझ्याच दुकानातला,' असं सगळ्या जिल्ह्यासमोर टाइप केलं. देवळाजवळ दुकान असलेला शिवण्णा म्हणाला, "नाव सांगा, मी बाइक काढतो."

तेवढ्यात एक गृहस्थ काउंटरवर आले. "सार, तो मंडीनोवूचा ज्यूस द्या." मंडीनोवू म्हणजे गुडघेदुखी.

"संपला," मी म्हणालो. त्यांनी माझ्या मागच्या तीन बाटल्यांकडे पाहिलं आणि निघून गेले.

पावणेअकराला शिवण्णाचा फोन. अक्का नदीच्या पायऱ्यांवर सापडल्या होत्या. त्यानं फोन त्यांच्याकडे दिला.

"सीनू, काय रे हे? हा मनुष्य मला उठू देत नाही."

"अक्का, कसं वाटतंय?"

"बरी आहे की. पाय तेवढे स्वल्प जड. चार पायऱ्या चढले की बसावं लागतं."

पोटॅशियम वाढलं की स्नायूंची ताकद जाते.

"आज ज्यूस घेतलात?"

"घेतला. बाटली बरोबर आणलीय. ताईलाही दिला. तिनं थुंकून टाकला."

ताईंची जीभ माझ्यापेक्षा हुशार निघाली.

ईसीजीत टोकदार लाटा दिसल्या. त्या दिसल्या म्हणजे हृदयापर्यंत झळ पोचलेली. तिथेच कॅल्शियमचं इंजेक्शन देऊन त्यांना ॲम्ब्युलन्सनं मैसूरला आणायचं ठरलं. तासाभराचा रस्ता. त्या वेळात मी ज्यूस नेलेल्या बाकी चौघांना फोन केले. तिघांनी दोन दिवसांतच सोडला होता. चौथ्यानं तो गुलाबाच्या कुंडीत ओतला होता. गुलाब ठीक होता.

हॉस्पिटलच्या बाहेर मी उभा राहिलो. आत जायचा धीर होत नव्हता. ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं तेव्हा अक्कांचा हात हलताना दिसला आणि मी स्ट्रेचरच्या मागे आत शिरलो. संध्याकाळी पोटॅशियम साडेपाचवर आलं. दुसऱ्या दिवशी पाचच्या खाली.

वॉर्डमध्ये गेलो तेव्हा डॉ. शैलजाही होत्या. मी चाचरत विचारलं, "मॅडम, पण अशा रसांचा सांध्यांना थोडा तरी उपयोग...?"

"ठोस काही हाती लागलेलं नाही. हळद, ग्लुकोसामिन, यांचाही कोणाला थोडा, कोणाला शून्य. गुडघ्याचं दुखणं आपोआपही कमीजास्त होतं, श्रेय बाटलीला जातं. वजन, मांडीचे व्यायाम आणि मी लिहिलेली दुखण्याची गोळी. हे कोणालाच नको असतं."

अक्कांनी माझ्या फोनवर लेबलच्या फोटोतलं फळाचं चित्र लांब धरून पाहिलं. "हे तर आलाच्या झाडाचं, बारतोंडीचं फळ रे. आपल्या लोकांनी याच्या मुळांनी लुगडी लाल रंगवली. परदेशी कुठलं?"

माझे आजोबा रंगारी होते. रंगाच्या हंड्याजवळ पोरांना फिरकू देत नसत, असं वडील सांगायचे. मी तेच झाड दूरच्या बेटावरचं म्हणून विकत होतो.

"गुडघ्याला तरी फरक पडला का, अक्का?"

"काडीचा नाही. तू एवढ्या मायेनं दिलास, म्हणून पीत होते."

बाटल्या परत गेल्या, बोर्ड फाडला. तेव्हापासून बीपी, शुगर किंवा किडनीचा कोणीही आला की मी नुसतं 'औषधं कुठली चालू आहेत?' असं विचारत नाही. ज्यूस, काढे, पावडरी यांना लोक औषध समजत नाहीत, मग सांगतही नाहीत. म्हणून मी एकेक नाव घेऊन विचारतो. वेळ जातो, रांग कुरकुरते.

पुढच्या महिन्यात अक्का नव्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आल्या. मी वही उघडून सुरू केलं. "काढा? चूर्ण? कुठला रस? बाहेरून आणलेलं काही?"

रांगेत सहाजण होते. अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाहेरचं मी काही घेत नाही रे सीनू. जे घेऊन मरायला टेकले, ते तुझ्याच दुकानातलं होतं."