केसातलं शिसं आणि पितळी फुलपात्र

इकडं ये, अशी माझ्याजवळ सरक. सिल्लोडला बसून तू काय सरकणार म्हणा, पण समज सरकलीस. काल फोन केलास तर ना ‘मावशी कशी हायेस’, ना ‘गुडघे काय म्हणतात’. सरळ म्हणलीस, ‘तुझ्या नातीला नेलं होतं ना, त्या विष काढणाऱ्या माणसाचा पत्ता दे,’ आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून पण दिलास. अशी रीत असते व्हय? तुझ्या लेकराला ऑटिझम निघाला, तू भेदरलीस, ते मला कळतं. पण पत्ता मागायच्या आधी तिथं काय झालं ते तरी विचारावं माणसानं. फोनवर तू मधीच बोलतेस, म्हणून लिहून पाठवते. लिहिलेल्यात मधी बोलता येत नाय.

नात तेव्हा पाच वर्षांची असंल. बोलत नव्हती, अजून पण मोजकेच शब्द बोलते. पण तहान लागली की ओट्याखालच्या फळीवरनं माझं पितळी फुलपात्र काढायची आणि ओट्याच्या कडेवर वाजवायची, टण् टण्. मग घरातलं कुणीतरी म्हणायचं, “बाईसाहेबांचा हुकूम आला, पाणी द्या.” स्टीलचा पेला पुढं केला तर बोटानं बाजूला सारायची, देणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं अशी.

लेकरांच्या डॉक्टर बाईंनी आम्हाला आधीच सांगितलं होतं की ऑटिझम हा काही उतरायचा ताप नाही, मुलीच्या मेंदूची घडणच वेगळी आहे, तिला तिच्या पद्धतीनं शिकवत राहायचं. सूनबाई शिकवणीला नेत पण होती, एक दिवस चुकवला नाय. पण आईचा जीव लई वंगाळ. फोनमध्ये एकदा एक व्हिडिओ बघितला की तसलेच दहा समोर येतात. कुणाचं तरी लेकरू अंगातले जड धातू काढल्यावर घडाघडा बोलायला लागलं म्हणे. ती ते मला दाखवायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. मला पण नात बोललेली हवीच होती की.

त्या विष काढणाऱ्या माणसाचा पत्ता पण तिला फोनमध्येच मिळाला. त्याचं ऑफिस इथंच जालना रोडला, दुसऱ्या मजल्यावर. गुडघे धरत मी पण चढले. त्यानं नातीच्या मानेमागचे केस कापून कुठंतरी तपासायला पाठवले. काही दिवसांनी लाल-पिवळ्या पट्ट्यांचा कागद आला. तो म्हणला, “मुलीच्या शरीरात धातू फार वाढलेत.”

मी म्हणलं, “मग चांगलंच की. आमच्या फुलंब्रीचे वैद्य धातू कमी झाला म्हणून खारका खायला सांगायचे.”

माझा मुलगा खाली बघून हसला. “आई, तो धातू वेगळा. हे शिसं आणि पारा म्हणतायत.”

“एवढ्याशा पोरीनं पारा कुठून आणला?”

“लसीतून, आजी,” तो माणूस म्हणला. “आणि तुमच्या भांड्यांतून.”

लसीचं मला कळलं नाय, पण भांड्यांचं लागलं. माझ्या सासूबाईंपासूनची भांडी ती, चिंच लावून घासलेली. त्यानं विष बाहेर काढायची पावडर दिली, जस्ताचे आणि मॅग्नेशियमचे थेंब दिले, दूध आणि पोळी बंद केली. घरातलं तांबं, पितळ, ॲल्युमिनियम सगळं हटवा म्हणला. सूनबाई स्टुलावर चढली, मी खालून एकेक भांडं देत गेले. फुलपात्र हातात आलं तशी ती थांबली.

“आई, हे पण?”

“लेकरू तुझं, तू ठरव.”

तिनं ते हंड्यात ठेवलं आणि हंडा माळ्यावर सारला.

नवी काचेची बाटली आली. नात फळीपाशी जायची, मोकळ्या जागेवर हात फिरवायची, परत यायची. पहिल्या दिवशी लई रडली. नंतर रडणं थांबलं, तसं आम्हाला वाटलं सवय झाली. खरं तर तिनं पाणी मागणंच सोडलं होतं. आम्ही चमच्यानं ओठ ओले करायचो, निम्मं बाहेर यायचं. त्यात पावडरीनं जुलाब लागले. सूनबाईनं त्या माणसाला फोन केला तर म्हणला, “छान, विष बाहेर पडतंय. चालू ठेवा.” मुलगा म्हणला, “जुलाबाला छान म्हणणारा पहिलाच माणूस बघतोय.” पण पावडर बंद करा म्हणायची हिंमत त्याची पण झाली नाय. उद्या बोलणारच असली तर?

मग नळाला पाणी आलं. इथलं पाणी तुला माहीतच आहे, कधी येईल त्याचा नेम नाय, आलं की वाटीसुद्धा भरून घ्यावी. ड्रम झाला, बादल्या झाल्या, मुलगा म्हणला, माळ्यावरचा हंडा काढतो. हंडा खाली टेकला न टेकला, पोरीनं आत हात घातला आणि ओट्यावर टण् टण् केलं. ओठ सुकून पापुद्रे निघालेले. सूनबाईच्या हातातली नळी खाली पडली, पाणी फरशीवर पसरलं, कुणी उचलली नाय. तिनं माठातलं पाणी दिलं. पोर प्याली, परत वाजवलं. परत दिलं, परत वाजवलं.

सूनबाई म्हणली, “आई, ही तहानलेलीच होती हो.” एवढंच म्हणली. पावडरीचा डबा पर्समध्ये टाकला आणि तशाच ओल्या पायांनी आम्ही डॉक्टर बाईंकडं गेलो.

त्यांनी आधी नातीची जीभ बघितली, कातडी चिमटीत धरून बघितली, मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “शिसं बघायचं तर रक्तात बघतात. केसांवरून ठरत नाही.” रक्त तपासलं. शिशाची काळजी करावी असं काही निघालं नाय. “निघालं असतं तर मीच उपचार केले असते, पण ते शिशासाठी. ऑटिझमसाठी नाही. धातू ओढून काढायची औषधं उगीच दिली तर अंगातलं कॅल्शियमही ओढतात, जिवावर बेतू शकतं. या डब्यात काय आहे, ते तर लिहिलेलंच नाही.” लसीचं सूनबाईनं हळूच विचारलं. “लसीनं ऑटिझम होत नाही. ते पुष्कळदा तपासून झालंय. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.” तेव्हा कुठं सूनबाईनं खुर्चीला पाठ टेकली.

कमी निघालं ते लोह. पोर वरणभाताशिवाय काही खात नव्हती. त्याचं औषध दिलं आणि म्हणाल्या, “यानं थकवा कमी होईल. बोलायला लागेल म्हणून देत नाहीये.” मला ते बोलणं पटलं. जे कमी तेच भरायचं, जास्तीचं वचन नाय.

मी विचारलं, “आणि फुलपात्र?”

“इतकी वर्षं त्यातून पिऊन रक्त चांगलं आहे ना? राहू द्या. आंबट ठेवू नका. आणि बाहेरचं काजळ, सुरमा लावत असाल तर बंद करा, त्यात शिसं असू शकतं.”

काजळ बंद झालं. फुलपात्र फळीवर आलं. आता शाळेत तिला चित्र दाखवून पाणी मागायला शिकवलंय. ती घरी पण चित्र दाखवते, आणि वर फुलपात्र वाजवते. आम्हाला दोन्ही कळतं.

त्या माणसाचा पत्ता माझ्याकडं आहे, पण तुला देणार नाय. डॉक्टर बाईंचा देते, तो पण हातात, फोनवर नाय. रविवारी सकाळची एसटी धर. लेकराला संगं आण. त्याचं ताट, पेला, चादर, ज्याच्यावाचून त्याचं अडतं ते सगळं आण, इथं त्याला कुणी नावं ठेवणार नाय. नेमकं नळाला पाणी आलं तर तुझे दोन हात पण कामी येतील. लवकर ये.